व्हॅक्यूमवर चालणारे लपते हेडलाइट अडले, तर दोष कुठे आणि कसा शोधायचा

लपत्या हेडलाइटच्या, म्हणजे वापर नसताना दिवे आत मिटतात किंवा दाराआड जातात अशा जुन्या गाड्यांत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, दिव्याचं बटण ओढलं की एका बाजूचा दिवा झटकन वर येतो आणि दुसरा अर्ध्यावर रेंगाळतो. दुसरी, रात्री नीट मिटलेले दिवे सकाळी अर्धवट उघडे दिसतात. नवा मालक लगेच ॲक्च्युएटर, म्हणजे दिवा हलवणारा डबा, मागवतो, तो बसवतो, आणि दिवा पुन्हा तसाच रेंगाळतो. कारण दोष बऱ्याचदा ॲक्च्युएटरमध्ये नसतोच. एखादी वाळून तडकलेली नळी, गंजलेली टाकी, नाहीतर डॅशबोर्डमागचा एक बारीकसा व्हॉल्व्ह हवा आत सोडत असतो आणि त्याचा परिणाम फक्त दिव्यावर दिसतो.

म्हणून या कामात माझा आग्रह एकच आहे: आधी मोजा, मग सोडवा, मग बदला. व्हॅक्यूम डोळ्यांना दिसत नाही, पण गेजवर स्वच्छ दिसतो. गेज आणि हातपंप ही दोन साधनं हाताशी असतील तर अंदाजाने भाग बदलत बसायची वेळ येत नाही.

आधी गाडी कोणत्या प्रकारची आहे ते पाहा

लपते हेडलाइट म्हटले की ते व्हॅक्यूमवरचेच असतात असं नाही. १९३६ च्या कॉर्ड ८१० मध्ये ते हाताने हँडल फिरवून उघडायचे. १९६३ ते १९६७ च्या कॉर्व्हेटमध्ये इलेक्ट्रिक मोटर होत्या, १९६८ पासून १९८२ पर्यंतच्या कॉर्व्हेटमध्ये व्हॅक्यूम आला, आणि १९८४ च्या नव्या मॉडेलपासून पुन्हा मोटर आल्या. कॅमारोच्या आरएस पॅकेजमध्ये १९६७ साली मोटर होती, १९६८ आणि १९६९ ला व्हॅक्यूम. १९६६-६७ चा डॉज चार्जर मोटरवरचा, १९६८ चा व्हॅक्यूमवरचा. मर्क्युरी कूगर १९६७ पासून व्हॅक्यूमवरच होती. इंग्लंडच्या लोटस एलानमध्येही व्हॅक्यूमच, आणि तिथे तर चॅसीचा पुढचा आडवा भागच व्हॅक्यूमची टाकी म्हणून वापरला होता. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक पद्धत बदलते, तेव्हा सुटे भाग मागवण्याआधी आपल्या गाडीचं मॉडेल वर्ष आणि त्याच वर्षाचं सर्व्हिस मॅन्युअल हवंच.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे: व्हॅक्यूम संपला की तुमच्या गाडीचे दिवे कुठे जातात? काही गाड्यांत उघडायलाही व्हॅक्यूम लागतो आणि मिटायलाही. कॉर्व्हेट अशी आहे. काहींत व्हॅक्यूम फक्त दिव्यापुढचं दार मिटून धरतो आणि तो गेला की स्प्रिंग ते उघडते. १९६९-७० च्या कूगरमध्ये असं केलं होतं, म्हणजे गळती झाली तरी रात्री दिवे मिळतात. सुरुवातीच्या एलानमध्ये उलट होतं, व्हॅक्यूम दिवे वर धरायचा आणि तो गेला की दिवे खाली बसायचे. नंतरच्या एलानमध्ये ते बदललं. हे माहीत नसेल तर लक्षणाचा अर्थ बरोबर उलटा लागतो. कूगरचं दार सकाळी उघडं दिसणं आणि जुन्या एलानचा दिवा चालता चालता खाली बसणं, दोन्हींचं मूळ एकच आहे: व्हॅक्यूम टिकत नाही.

हवेचा प्रवास

इंजिन चालू असताना पिस्टन हवा आत ओढतात आणि थ्रॉटलच्या खाली, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी होतो. तो किती कमी झाला हे पाऱ्याच्या इंचांत मोजतात. समुद्रसपाटीवर, आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, निरोगी इंजिन साधारण १७ ते २१ इंच देतं. दर हजार फुटांच्या उंचीला यातला सुमारे एक इंच कमी होतो.

आता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतो. दिवे तेव्हाही जागेवर राहायला हवेत. म्हणून वाटेत दोन गोष्टी बसवलेल्या असतात. एक चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप, आणि एक टाकी. झडप हवेला टाकीतून इंजिनाकडे जाऊ देते, उलट येऊ देत नाही. त्यामुळे इंजिनाचा व्हॅक्यूम पडला तरी टाकीतला साठा शाबूत राहतो.

टाकीपासून पुढे दोन वाटा फुटतात. एक बारीक नळ्यांची, हुकूम देणारी: ती डॅशबोर्डमागे दिव्याच्या बटणाला जोडलेल्या व्हॉल्व्हकडे जाते. दुसरी जाड नळ्यांची, ताकद देणारी: ती पुढे रिले व्हॉल्व्हकडे आणि तिथून ॲक्च्युएटरकडे जाते. बटण ओढलं की बारीक नळीतला हुकूम बदलतो, रिले आपली बाजू पालटतो, आणि जाड नळीतला व्हॅक्यूम ॲक्च्युएटरच्या दुसऱ्या कप्प्यात जातो. काही गाड्यांत रिले नसतो, बटणामागचा व्हॉल्व्हच थेट ॲक्च्युएटरला व्हॅक्यूम पुरवतो. काहींत स्टीअरिंगखाली आणखी एक हाताने चालवायचा व्हॉल्व्ह असतो, दिवे न लावता नुसते वर आणायला.

ॲक्च्युएटर म्हणजे पत्र्याचा डबा, मधे रबराचा डायफ्रॅम आणि त्याला जोडलेला दांडा. डायफ्रॅमच्या एका बाजूला व्हॅक्यूम आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असली की बाहेरची हवा डायफ्रॅमला ढकलते. इथे एक बारकावा लक्षात ठेवा, कारण तो फारसा कोणी सांगत नाही. ज्या बाजूला व्हॅक्यूम नाही, त्या बाजूला हवा आत यायला वाट मोकळी हवी. ही वाट रिलेच्या किंवा बटणाच्या व्हॉल्व्हमधून जाते, आणि तिथे बऱ्याचदा स्पंजचा बारीक तुकडा गाळणी म्हणून असतो. तो स्पंज कुजून बसला की कुठेही गळती नसताना दिवा गोगलगायीच्या चालीने हलतो.

साधनं आणि सावधगिरी

गेज असलेला व्हॅक्यूम हातपंप, एक वेगळं व्हॅक्यूम गेज, टी-जोड, नळ्यांची तोंडं बंद करायला वेगवेगळ्या मापाच्या रबरी टोप्या, टॉर्च, मास्किंग टेप आणि पेन. गोल्फ खेळताना चेंडू ठेवायच्या निमुळत्या खुंट्याही नळी बंद करायला छान चालतात, कारण त्या कोणत्याही मापाच्या नळीत बसतात.

नळ्या चिमटा लावून बंद करू नका. पन्नास वर्षांचं रबर दाबलं की तिथेच आतून तडकतं, आणि तुम्ही शोधत असलेल्या गळतीत स्वतःची एक भर घालता. नळी सोडवा आणि टोपी लावा. गळती शोधायला चालू इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर किंवा तसलं काही ज्वालाग्राही फवारायची पद्धत आहे. ती इथे अजिबात नको. त्याने आग लागू शकते आणि डायफ्रॅमचं रबरही खराब होतं.

बोटं सांभाळा. चार इंच व्यासाच्या डायफ्रॅमवर १५ इंचाचा व्हॅक्यूम लागला तर दांड्यावर सुमारे ४० किलोचा जोर येतो. आणि इंजिन बंद केल्यावरही टाकीत साठा असतो, त्यामुळे एखादी नळी सोडताच दिवा अचानक हलू शकतो. हेडलाइटच्या खोबणीत हात घालण्याआधी टाकीची नळी सोडून सगळा व्हॅक्यूम जाऊ द्या. इंजिन चालवून तपासणी करताना गाडी न्यूट्रल किंवा पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि जागा हवेशीर हवी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका.

ब्रेक बूस्टरही त्याच मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम घेतो. ब्रेक पेडल कडक लागत असेल तर हेडलाइट बाजूला ठेवा आणि आधी ते काम करा.

पहिली पायरी: लक्षण नीट बघा

घाई न करता, इंजिन गरम झाल्यावर आयडलला ठेवून दिवे चार-पाच वेळा उघडा आणि मिटा. दुसरं कोणी आत बसून बटण चालवत असेल तर तुम्ही समोर बाजूला उभे राहून बघा आणि ऐका. मग इंजिन बंद करून तसंच एक-दोनदा करा. चांगल्या व्यवस्थेत टाकीतल्या साठ्यावर इंजिन बंद असतानाही दिवे हलले पाहिजेत.

दोन्ही दिवे सारखेच मंद असतील तर दोष दोघांच्या सामाईक भागात असतो: मॅनिफोल्ड, चेक व्हॉल्व्ह, टाकी, बटण. एकच मंद असेल तर त्या बाजूचा रिले, त्याच्या नळ्या, ॲक्च्युएटर किंवा त्याच्या बिजागऱ्या. इंजिन चालू असताना सगळं ठीक आणि बंद केल्यावर काहीच नाही, तर टाकी किंवा चेक व्हॉल्व्ह. घाट चढताना दिवे मिटायला लागतात किंवा ढिले पडतात, तरीही संशय चेक व्हॉल्व्हवरच. बटण ओढल्यावर दिवे मिटतात आणि ढकलल्यावर उघडतात, म्हणजे कोणीतरी नळ्या उलट जोडल्यात. आणि दिवे लावलेले असताना इंजिन खडखडतं, बंद केले की सुरळीत चालतं, तर गळती मोठी आहे आणि ती फक्त उघडण्याच्या बाजूला आहे. हे शेवटचं निरीक्षण फार कामाचं आहे, पुढे त्याकडे परत येऊ.

दुसरी पायरी: लोखंड आधी, हवा नंतर

सगळा व्हॅक्यूम घालवून टाका, ॲक्च्युएटरचा दांडा दिव्याच्या जोडणीपासून सोडवा, आणि दिवा हाताने वर-खाली करून बघा. तो एका हाताने, कुठेही न अडता हलला पाहिजे. काही गाड्यांत मधल्या बिंदूपर्यंत स्प्रिंग विरोध करते आणि तो ओलांडला की तीच स्प्रिंग मदत करते, ते नैसर्गिक आहे. पण घासल्याचा आवाज, एखाद्या जागी अडकणं, बाजूला डगमगणं हे नैसर्गिक नाही.

बिजागरीच्या पिना आणि बुश काढून पुसा, गंज साफ करा, नवं ग्रीस द्या. झिजलेले बुश बदला. दाराची कडा बॉनेटच्या किंवा ग्रिलच्या पत्र्याला घासते का ते रंगावरच्या ओरखड्यांवरून कळतं, विशेषतः गाडीचं नाक कधी ठोकून सरळ केलेलं असेल तर. ताणून ढिल्या पडलेल्या स्प्रिंगा जोडीने बदला, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या राहतात. साधं तेल ॲक्च्युएटरच्या दांड्यावर मारू नका. ते ओघळून रबरी सीलवर गेलं की सील फुगतं आणि मऊ पडतं. तिथे सिलिकॉन ग्रीस वापरा.

ही पायरी बरेच जण वगळतात, कारण व्हॅक्यूमच्या गाडीत दोष व्हॅक्यूमचाच असणार असं वाटतं. पण जाम बिजागरीला नवा ॲक्च्युएटरही हलवू शकत नाही.

तिसरी पायरी: उगम

हेडलाइटकडे जाणारी मुख्य नळी मॅनिफोल्डवरून काढा आणि तिथे गेज लावा. आयडलला १७ ते २१ च्या आसपास आणि काटा स्थिर, तर इंजिनाकडून पुरवठा चांगला आहे. गेज शून्य दाखवत असेल तर नळी चुकीच्या तोंडाला लावलेली असण्याची शक्यता मोठी. कार्ब्युरेटरवर थ्रॉटलच्या वर एक तोंड असतं, डिस्ट्रिब्युटरच्या ॲडव्हान्ससाठी. तिथे आयडलला व्हॅक्यूम नसतोच. हेडलाइटला थ्रॉटलखालचा, थेट मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम हवा.

व्हॅक्यूम आहे पण १२-१३ इंचच, तर इग्निशन टायमिंग मागे पडलेलं असेल किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट हवा खात असेल. शर्यतीचा कॅमशाफ्ट बसवलेल्या इंजिनात आयडलचा व्हॅक्यूम मुळातच कमी असतो. तिथे दुरुस्ती करण्यासारखं काही नसतं, आणि बाहेरून एक इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप लावणं हाच समंजस मार्ग आहे.

चौथी पायरी: चेक व्हॉल्व्ह आणि टाकी

चेक व्हॉल्व्ह काढा. टाकीच्या बाजूच्या तोंडाला हातपंप लावून ओढा: काटा चढला पाहिजे आणि तिथेच थांबला पाहिजे. मग इंजिनाच्या बाजूच्या तोंडाला लावून ओढा: काटा चढता कामा नये, कारण त्या दिशेने हवा मोकळी जाते. दोन्हीकडे काटा चढत नसेल तर व्हॉल्व्ह गेला. दोन्हीकडे चढत असेल तर तो तुंबलाय. परत बसवताना दिशा तपासा. उलटा बसला तर टाकी कधी भरतच नाही.

टाकीची सगळी तोंडं बंद करून एकाला पंप लावा. पंप बराच वेळ मारावा लागेल, टाकी मोठी असते. १५ इंचापर्यंत नेऊन पाच मिनिटं थांबा. काटा जागेवर, तर टाकी चांगली. घसरला, तर टाकी काढून खालची बाजू बघा. पाणी आणि चिखल साचून पत्रा तिथेच गंजतो, आणि टाकी बॅटरीच्या खाली असेल तर आम्लाच्या थेंबांनी आणखी लवकर. सुईच्या टोकाएवढं भोकही पुरतं. एखादं भोक असेल तर डाग देऊन किंवा इपॉक्सीने भागतं, पण पत्रा दाबल्यावर करकरत असेल तर टाकी बदलाच, एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं.

पाचवी पायरी: गळतीला कोपऱ्यात गाठा

खरं काम इथे आहे. टाकी आणि चेक व्हॉल्व्ह चांगले आहेत हे सिद्ध झालं की टाकीतून बाहेर पडणाऱ्या नळीत टी-जोडाने गेज लावा. इंजिन चालवून टाकी भरा आणि बंद करा. आता काट्याकडे बघत राहा आणि तो किती वेळात किती घसरतो ते लिहून ठेवा. हे दोनदा करायचं: एकदा बटण बंद, दिवे मिटलेले, एकदा बटण ओढलेलं, दिवे उघडे.

याचं कारण असं. दिवे मिटलेले असताना ॲक्च्युएटरच्या मिटण्याच्या कप्प्यांत आणि त्यांच्या नळ्यांत व्हॅक्यूम असतो, उघडण्याच्या बाजूला साधी हवा. बटण ओढलं की उलट. त्यामुळे काटा फक्त एकाच स्थितीत घसरत असेल तर निम्म्या नळ्या आणि निम्मे कप्पे एका झटक्यात निर्दोष सुटतात. दोन्ही स्थितींत सारखाच घसरत असेल तर गळती दोघांत सामाईक असलेल्या ठिकाणी आहे: पुरवठ्याच्या नळ्या, रिले किंवा बटणाचा व्हॉल्व्ह, नाहीतर फाटलेला डायफ्रॅम, कारण फाटलेला डायफ्रॅम दोन्ही बाजूंनी हवा सोडतो.

ज्या स्थितीत काटा घसरतो त्या स्थितीत आता एकेक फांदी छाटत जा. आधी डॅशबोर्डकडे जाणारी बारीक नळी टाकीजवळ सोडा आणि टाकीकडच्या तोंडाला टोपी लावा. घसरण थांबली तर दोष हुकुमाच्या वाटेवर. नाही थांबली तर ती परत जोडा आणि डाव्या बाजूची जाड फांदी छाटा, मग उजवीची. जिथे टोपी लावल्यावर काटा थांबतो, त्या फांदीत गळती आहे. आता त्या फांदीतही मधोमध तोडा, पुन्हा बघा. दोन-चार तोडण्यांत तुम्ही एका नळीपर्यंत किंवा एका भागापर्यंत पोहोचता.

१९६८ ते १९७२ च्या कॉर्व्हेटमध्ये वायपरवरचं झाकणही याच व्हॅक्यूमवर उघडतं. तिथली फांदी विसरू नका. हेडलाइटच्या मागे आठवडाभर लागलेल्या माणसाला गळती वायपरच्या ॲक्च्युएटरमध्ये सापडावी, हे या गाड्यांत अगदी शक्य आहे.

ॲक्च्युएटर, रिले आणि बटण तपासताना

ॲक्च्युएटरला दोन तोंडं असतील तर एकाला पंप लावा, दुसरं उघडं ठेवा. १५ इंचावर नेल्यावर दांडा पूर्ण हलला पाहिजे आणि काटा निदान मिनिटभर जवळपास जागेवर राहिला पाहिजे. मग तोंडं बदलून पुन्हा. दोन्हीकडे काटा कोसळला तर डायफ्रॅम फाटलाय. एकाच बाजूला हळूहळू घसरला आणि ती दांड्याच्या बाजूची असेल, तर दांडा डब्यातून बाहेर येतो तिथलं रबरी सील गेलंय. कानाजवळ धरलं तर बारीक सुसकारा ऐकू येतो, आणि दांड्याभोवती सिलिकॉन ग्रीसचं एक जाड कडं लावून पुन्हा पंप मारलात की घसरण मंदावते. खात्री पटवायला एवढं पुरेसं आहे. काही ॲक्च्युएटरचं हे सील वेगळं मिळतं आणि डबा न बदलता काम होतं. दांडा वाकला किंवा गंजून खरबरीत झाला असेल तर मात्र नवं सीलही तो थोड्याच दिवसांत खाऊन टाकतो.

रिलेच्या बारीक तोंडाला पंप लावून बघा, त्याचाही एक छोटा डायफ्रॅम असतो आणि त्याने व्हॅक्यूम धरला पाहिजे. मग मुख्य तोंडातून हलकी फुंकर मारून बघा: पंप ओढलेला असताना हवा एका तोंडातून बाहेर येते आणि सोडल्यावर दुसऱ्यातून. दोन्हीतून एकदम येत असेल तर आतली झडप बसत नाहीये. गाळणीचा स्पंज असेल तर तो इथेच बदलून टाका.

बटणामागच्या व्हॉल्व्हकडे शेवटी या, कारण तिथे पोहोचणं सगळ्यात त्रासाचं. हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, तिथे हेडलाइटचा पूर्ण करंट असतो. नळ्या बहुतेकदा एका सामाईक रबरी प्लगमध्ये असतात. प्लग सरळ ओढा, नळ्यांना धरून नाही. नुसता प्लग ढिला पडल्यामुळे गळती असते असंही होतं, तेव्हा व्हॉल्व्ह बदलायच्या आधी प्लग घट्ट बसवून पंपाने पुन्हा तपासा.

नळ्या बदलायच्या तर सगळ्या

एक नळी तडकलेली सापडली की बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत हे लक्षात घ्या. टोकं कडक होऊन तोंडावर ढिली बसणं, वळणावर चिरा, तेल लागून चिकट झालेला भाग, हे सगळं एकाच गाडीत सापडतं. माझं मत स्पष्ट आहे: मूळ नळ्या अजून गाडीत असतील तर पूर्ण संच एकदम बदला. गळतीचं ठिगळकाम वर्षभर चालू राहतं आणि प्रत्येक वेळी तीच शोधाशोध नव्याने करावी लागते.

कारखान्यातल्या नळ्यांवर अनेकदा रंगीत पट्ट्या असतात, कोणती नळी कुठली हे कळावं म्हणून. त्यांचे अर्थ तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहा, दुसऱ्या गाडीच्या आकृतीवर विसंबू नका. जुनी नळी काढण्याआधी दोन्ही टोकांना टेप लावून खूण करा आणि फोटो काढा. एका वेळी एकच नळी काढा, नवी त्याच लांबीची कापा, बसवा, मग पुढची. अडकलेली नळी ओढू नका, टोकाशी ब्लेडने उभी चीर देऊन सोलून काढा. प्लॅस्टिकची तोंडं पटकन तुटतात. नवी नळी तोंडावर घट्ट गेली पाहिजे. ती सहज सरकत असेल तर माप एक नंबर मोठं आहे, आणि वरून क्लिप लावून ते झाकू नका. पंख्यापासून, एक्झॉस्टपासून आणि हलणाऱ्या जोडणीपासून नळ्या लांब बांधा. दिवा वर-खाली करताना नळी कुठे मुडपत तर नाही ना, हे दांडा जोडायच्या आधी हाताने हलवून बघा.

सगळं जोडून झाल्यावर गेजची तीच चाचणी पुन्हा करा, दोन्ही स्थितींत. आधी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी तुलना केली की काम किती झालं ते कळतं. यानंतरच दारांच्या टेकण्याच्या रबरी ठोकळ्यांची उंची लावा, म्हणजे मिटल्यावर दार पत्र्याशी सपाट राहील आणि उघडल्यावर दिवा पूर्ण टेकेल. सगळ्यात शेवटी हेडलाइटच्या प्रकाशाची दिशा. हा क्रम उलटा केलात तर दिशा दोनदा लावावी लागते.

रात्री रस्त्यात अडलं तर

गाडी बाजूला घ्या, धोक्याचे दिवे लावा, इंजिन बंद करा. हाताने चालवायचा व्हॉल्व्ह असेल तर आधी तो वापरून बघा. त्याने काम झालं नाही तर ॲक्च्युएटरची मिटण्याच्या बाजूची नळी सोडा, म्हणजे दार धरून ठेवणारा व्हॅक्यूम निघून जाईल, आणि दिवा हळूहळू हाताने वर आणा. स्प्रिंगचा मधला बिंदू ओलांडला की बऱ्याच गाड्यांत तो वर टिकतो. टिकत नसेल तर दांड्याची जोडणी तारेने किंवा मजबूत पट्ट्याने बांधा. नुसतं लाकूड अडकवून भागत नाही, खड्ड्यात ते उडून जातं. सोडलेल्या नळीच्या तोंडाला टोपी किंवा खुंटी लावायला विसरू नका, नाहीतर इंजिन तिथून हवा खात राहील, आयडल बिघडेल आणि दुसऱ्या बाजूचा दिवाही खाली येईल. यासाठी दोन-तीन टोप्या आणि हातभर तार डिकीत कायमची राहू द्या.